बिल दुबईचं, माल उद्यमबागचा

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. घर, कारखाना आणि त्यांचे आकडे कल्पित आहेत. कायदे, दर, तारखा आणि गावं खरी. काळ २०२५ चा, ऑगस्ट ते डिसेंबर.

कारखाना बेळगावच्या उद्यमबागेत. आप्पांनी तरुणपणी दुसऱ्याच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून काम केलं आणि पुढे धाकट्या भावाला हाताशी धरून स्वतःची भट्टी टाकली. भाऊ आता नाही. आज इंडक्शन फर्नेस आहेत, मागे मशीन शॉप आहे. पंपाची, व्हॉल्व्हची आणि हायड्रॉलिकची कास्टिंग्ज मशीनिंग होऊनच बाहेर पडतात. उलाढाल ४० कोटी, त्यातले २४ कोटी निर्यातीचे: जर्मनी, ब्रिटन, अमेरिका. करापूर्वीचा नफा ४ कोटी. बोनसला पात्र कामगार ९०. शेअर ७५ टक्के आप्पा आणि त्यांच्या दोन मुलांकडे, उरलेले २५ टक्के भावाच्या पत्नीकडे. घरात त्यांना सगळे काकू म्हणतात. काकू कागदावर डायरेक्टर आहेत आणि बोर्डाच्या ठरावावर त्यांची सही लागते. ती एरवी चहासोबत होऊन जाते.

धाकट्या मुलाचं बस्तान शिनोळीला आहे. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने बाची ओलांडली की कर्नाटक संपतं आणि चंदगड तालुका लागतो. बेळगावच्या अनेक कारखानदारांनी तिथल्या एमआयडीसीत प्लॉट घेतलेत. या घरानेही २०२१ मध्ये तिथे वेगळी कंपनी काढली, ती दोन्ही भावांच्या नावावर. कारण साधं होतं. २० सप्टेंबर २०१९ ला केंद्राने कंपनी कर उतरवला: चालू कंपन्यांना सवलती सोडल्या तर २२ टक्के, आणि नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. अधिभार आणि सेस धरून २५.१७ आणि १७.१६. शिनोळीचं पुढे येईलच.

सल्लागाराची नोट

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. ७ ऑगस्टचे २५ आणि रशियन तेलाच्या नावाखालचे वरचे २५. लोखंड-पोलादाच्या मालाला वेगळंच शुल्क होतं, तेही ४ जूनपासून ५० वर गेलेलं. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाने ऑर्डरी थांबवल्या, मोल्डिंगची एक पाळी बंद पडली. थोरला मुलगा मार्केटिंग बघतो. त्याच्या डोक्याला घोर लागला आणि तो एका सल्लागाराला घेऊन आला.

नोट सहा पानांची. गाभा एवढाच: दुबईच्या फ्री झोनमध्ये एक ट्रेडिंग कंपनी काढायची. उद्यमबागेची कंपनी तिला माल ८८ ला विकेल, दुबईची कंपनी तोच माल जर्मनीच्या गिऱ्हाइकाला १०० ला विकेल. कंटेनर मात्र पूर्वीसारखाच न्हावा-शेवाहून थेट हॅम्बुर्गला. दुबईला जाणार फक्त बिल.

गणित असं. २४ कोटींवर १२ टक्के म्हणजे २ कोटी ८८ लाखांचा नफा बेळगावातून उठून दुबईत बसतो. इथे त्यावर साडेबहात्तर लाखांच्या आसपास कर लागला असता. संयुक्त अरब अमिरातीत जून २०२३ पासून कंपनी कर आला आहे, पण ३ लाख ७५ हजार दिरहमपर्यंत शून्य आणि त्यावर ९ टक्के. दिरहमला २४ रुपये धरले तर पहिले ९० लाख सुटले. उरलेल्यावर १७ लाख ८२ हजार. वाचले ५४-५५ लाख. लायसन्स, टेबलापुरतं ऑफिस, तिथला ऑडिट आणि सल्लागाराची फी वजा करा, वर्षाला ४० लाख सुटे.

नोटेत दोन वाक्यं ठळक टाइपात होती. कर टाळण्यासाठीच रचलेल्या व्यवहारांना धरणारे सर्वसाधारण नियम १ एप्रिल २०१७ पासून लागू आहेत, पण कराचा फायदा वर्षाला ३ कोटींच्या वर असेल तरच. परदेशी कंपनीचा कारभार खरं तर भारतातूनच चालतो म्हणून तिला भारतीय ठरवायचा नियमही आहे, पण ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपनीला तो लागत नाही. ‘आपण दोन्ही मर्यादांच्या खाली आहात.’

ही वाक्यं खरी आहेत. म्हणूनच ती धोकादायक. लहान धंद्याला खात्याने उगाच छळू नये म्हणून या मर्यादा घातल्या. नोटेत त्यांचा वापर आडोसा म्हणून झाला आहे. शिवाय नोटेने तिसरा नियम एका ओळीत गुंडाळला. संबंधित कंपन्यांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहाराला अशी किमान मर्यादा नाही. एक रुपयाचा व्यवहार असला तरी तो परक्या गिऱ्हाइकाशी केल्यासारख्या किमतीला झाला पाहिजे आणि सीएने त्याचा ३सीईबी दाखला दिला पाहिजे. मग प्रश्न उरतो की दुबईची कंपनी १२ टक्के कशाचे घेते? तिच्याकडे साठा नाही, विक्रेता नाही, माल नापास झाला तर जबाबदारी नाही. हॅनोव्हरच्या प्रदर्शनात स्टॉल लावतो तो उद्यमबागेचा थोरला.

यावर सल्लागाराचा उतारा होता: शेअर घरातल्या कुणाच्या नावावर ठेवूच नका, दुबईत मामेभाऊ आहे ना, त्याच्या नावावर घ्या. म्हणजे ‘संबंधित’ हा शब्दच येत नाही. आप्पा हे ऐकून गप्प बसले, आणि माझ्या मते प्रकरणाची जात इथेच बदलली. आतापर्यंत जे काही होतं ते कराचं नियोजन म्हणून मांडता येत होतं, त्यावर वाद घालता येत होता. नाव मामेभावाचं आणि पैसा आपला, म्हणजे २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखालची लपवलेली परदेशी मालमत्ता. ३० टक्के कर, त्याच्या तिप्पट दंड, आणि खटला वेगळा. हे टाळणं नव्हे, बुडवणं.

नोटेत अजून एक गंमत होती. भारत आणि अमिरातीमध्ये १ मे २०२२ पासून व्यापार करार लागू आहे, तेव्हा हा मार्ग ‘सरकारमान्य’ आहे असं लिहिलं होतं. तो करार दोन देशांत जाणाऱ्या-येणाऱ्या मालावरच्या आयात शुल्काचा. हॅम्बुर्गला जाणाऱ्या कंटेनरच्या बिलाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण ‘करार’ म्हटलं की निम्म्या शंका मिटतात, हे सल्लागार लोकांना पाठ असतं.

ह्यूस्टनचा माल

नोटेचं शेवटचं पान अमेरिकेच्या मालाचं. अमिरातीच्या मालावर अमेरिकेने १० टक्केच लावले होते. मग ज्या मालाला पोलादाचं शुल्क लागत नाही तो दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरवायचा, तिथे बर (कडेचे खरखरीत कण) काढून, रंग मारून, नव्या पेट्यांत भरून ‘अमिरातीत तयार’ म्हणून ह्यूस्टनला पाठवायचा. ५० चे १०.

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. रंग मारल्याने कास्टिंगचा देश बदलत नाही. वस्तू मुळातून बदलली तरच मूळ देश बदलतो. शुल्क चुकवायला दुसऱ्या देशातून फिरवलेल्या मालावर ४० टक्के वेगळं शुल्क आणि दंड, असं अमेरिकेच्या ३१ जुलै २०२५ च्या आदेशात स्पष्ट आहे. आणि दुसरी अडचण आपल्याच घरची. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलैला सह्या झाल्या, स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाशी झालेला करार १ ऑक्टोबरपासून लागू झाला. त्यांच्या सवलती हव्या असतील तर माल भारतातच तयार झाला हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. म्हणजे एकाच पॅटर्नवरची, एकाच भट्टीतली कास्टिंग्ज लंडनला भारतीय आणि ह्यूस्टनला अरबी. थोरल्याला हे पटायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तो लबाड नाही. ऑर्डरी गेलेला माणूस आहे.

पण त्याने एक बरोबर गोष्ट बोलून दाखवली. ‘जूनला एक दर, ऑगस्टला दोनदा दुसरा. मी साचा बनवायला सहा आठवडे लावतो, आणि हे लोक सहा आठवड्यांत दोनदा शुल्क बदलतात. मग नियम पाळायचे ते कुठले?’ शुल्क असं हलत राहिलं की आडवाटा विकणाऱ्यांचा धंदा चालतो, हे मान्य करायला हवं. त्यांच्याही वाटा त्याच दरांवर उभ्या असतात, आणि दर हलला की त्या सल्लागाराच्या आधी कारखानदारावर कोसळतात.

बोनसचा कागद

काकूंकडे ठराव सहीला आला तेव्हा त्यांची मुलगी दिवाळीसाठी पुण्याहून आली होती. ती सीए आहे. तिने आईच्या हातातून कागद घेतला, वाचला, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन हिशेबनिसांच्या केबिनमध्ये बसली. तिथे काचेला आतूनही वाळूची धूळ असते. रजिस्टरवरून हात फिरवला की बोट काळं होतं. दिवाळीचा बोनस नुकताच वाटून झाला होता, सी नमुन्याचं रजिस्टर समोरच होतं. ९० नावं, प्रत्येकापुढे सही किंवा अंगठा.

तिने हिशेबनिसांना एकच काम सांगितलं: नोटेतला नफा धरून हाच बोनस पुन्हा काढा.

बोनसचा हिशेब नफ्यावरून निघतो. घसारा काढल्यावर जो नफा राहतो त्यातून कर, भांडवलावर साडेआठ टक्के आणि राखीव निधीवर सहा टक्के वजा करायचे. उरलं त्याचे ६० टक्के बोनससाठी. पगाराच्या ८.३३ टक्क्यांपेक्षा कमी देता येत नाही, २० टक्क्यांपेक्षा जास्त लागत नाही. या कारखान्यात भांडवल १ कोटी, राखीव निधी १५ कोटी. ४ कोटींच्या नफ्यातून कराचे १ कोटी १ लाख, निधीचे ९० लाख, भांडवलाचे साडेआठ लाख वजा केले तर २ कोटी उरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे १ कोटी २० लाख. हिशेबाचा पगार महिना १५,००० धरला तर ९० जणांना पूर्ण २० टक्के द्यायला ३२ लाख ४० हजार लागतात. पैसा भरपूर, म्हणून बोनस २० टक्के.

आता दुबईवाला हिशेब. बेळगावात नफा १ कोटी १२ लाख. कर २८ लाख, निधीचे ९०, भांडवलाचे साडेआठ. उरलं काहीच नाही, उलट साडेचौदा लाख कमी. बोनस थेट ८.३३ टक्क्यांवर. आधीच्या वर्षांचा जादा शिल्लक पुढे ओढता येतो, तो थोडी वर्षं हात देईल. चौथ्या वर्षापुढे तोही नाही. फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या खात्यात, ग्राइंडर धरणाऱ्या माणसाला ३६,००० मिळत होते, आता १५,०००. एकूण १८ लाख ९० हजार.

हिशेबनीस म्हणाले, ‘बाई, हा रकाना नोटेत नव्हता.’

तो कधीच नसतो. कर टाळण्याच्या नैतिकतेवर बोलताना आपण एका बाजूला कंपनी आणि दुसऱ्या बाजूला सरकार ठेवतो, आणि सरकारबद्दल फारसं कुणाला वाईट वाटत नाही. पण नफा हलवला की त्या नफ्यावर ज्यांचा ज्यांचा हक्क लिहिलेला आहे ते सगळेच हलतात. वर्षाच्या ४० लाखांच्या फायद्याशेजारी बोनसचे १९ लाख मांडा. मग काकूंचा लाभांश: बेळगावच्या कंपनीत त्यांचे २५ टक्के, दुबईच्या कंपनीत शून्य, २ कोटी ८८ लाखांतला त्यांचा वाटा ७२ लाख. मग माळमारुती आणि मच्छेतले जॉबवर्कवाले. त्यांनी दर वाढवून मागितला की बेळगावचा ताळेबंद पुढे करायचा, ‘मार्जिनच नाही हो’. सरकारकडून वाचवलेल्या पैशापेक्षा घरच्यांकडून काढलेला पैसा मोठा, असं हे प्रकरण निघालं. काकूंना कुणी फसवायला निघालं होतं असं मला वाटत नाही. नोट तशी बेतली होती, आणि कुणी तो हिशेब केला नव्हता.

आप्पांचा मुद्दा

दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे एकत्र बसले. थोरल्याने आधी ठरलेली बाजू मांडली: ‘सगळे करालेत की, आप्पा. व्होडाफोनला सुप्रीम कोर्टानं सोडलं.’ परदेशात झालेल्या शेअरच्या सौद्यावर इथे कर लागत नाही, असं म्हणणारा २० जानेवारी २०१२ चा तो निकाल खरा आहे. तो उलटवणारा २०१२ चा पूर्वलक्षी कायदा आणि २०२१ मध्ये तो मागे घेणं, हेही खरं. पण चुलत बहीण, म्हणजे काकूंची मुलगी, म्हणाली, त्याच निकालात नुसत्या देखाव्याला संरक्षण नाही असंही आहे. आणि अॅपलला युरोपच्या कोर्टाने १० सप्टेंबर २०२४ ला १३ अब्ज युरो आयर्लंडला भरायला लावले, ते पण सांग की. मोठ्यांची नक्कल करताना लहानाला त्यांची रचना परवडते, पण त्यांचे वकील परवडत नाहीत. ७५ कोटी युरोंवरच्या समूहांसाठी आता १५ टक्क्यांचा किमान जागतिक कर आला आहे. त्याखालच्यांवर तो नाही. पण म्हणून त्याखाली सगळं माफ आहे, असं नाही.

आप्पांचा मुद्दा वेगळा होता आणि जास्त वजनदार. ‘ते कराचे ७२ लाख भरले तर इथं काय येतंय? मच्छेचा रस्ता बघितलाईस? कर्नाटकाला आम्ही मराठी, महाराष्ट्राला आम्ही कर्नाटकातले. २००४ पासून केस पडून आहे कोर्टात.’

हिशेब केला तर आप्पा चुकत नाहीत. साडेबहात्तर लाखांतला मूळ कर ६३ लाखांच्या आसपास; अधिभार आणि सेस राज्यांत वाटला जात नाही. त्याचे ४१ टक्के राज्यांना, म्हणजे २६ लाख, आणि त्यात कर्नाटकाचा वाटा पंधराव्या वित्त आयोगानुसार (मार्च २०२६ पर्यंत) ३.६४७ टक्के. लाखभर रुपयेही नाहीत. आधीच्या वित्त आयोगात हा वाटा ४.७१३ होता. ७ फेब्रुवारी २०२४ ला कर्नाटकाचं मंत्रिमंडळ जंतर-मंतरवर जाऊन बसलं ते याच्याचसाठी. बेळगावपर्यंत त्यातलं किती पोहोचतं हा पुढचा प्रश्न, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाला त्याचं उत्तर कडूच वाटतं.

तरी मला हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही असं वाटतं. सीमेवरची कुचंबणा खरी, पण ती फेटलिंगवाल्याचीही आहे. त्याला बिल दुबईला पाठवता येत नाही. त्याचा जीएसटी किराणा दुकानात आणि सुपरवायझरचा महिन्याचा २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स पगारातूनच कापला जातो. उलट या घराने सीमेचा फायदाही घेतला आहे: एक पाय उद्यमबागेत, एक शिनोळीत, दोन्ही राज्यांच्या योजनांचे फॉर्म भरून झालेले. वाटपाचं भांडण आयोगापुढे, चेंबरमधून, खासदाराच्या दारात करायचं. ते परस्पर स्वतःच्या खिशात मिटवलं तर कर्नाटकाचा ३.६४७ टक्क्यांचा वाटा काही वाढत नाही.

काय ठरलं

ह्यूस्टनचं पान त्याच दिवशी फाडलं. मामेभावाचं नावही गळालं. आप्पांनीच नको म्हटलं.

दुबईच्या कंपनीवर काकू बोलल्या, बहुधा बोर्डात पहिल्यांदाच. ‘काढा की. पण तिथंबी माझे २५ टक्के लिहा, आणि बोनस २० टक्केच राहील असा ठराव आधी करा.’ त्या दोन अटींसह गणित पुन्हा मांडलं तर कराचे ४० लाख तेवढे उरले, आणि त्यातलेही चतुर्थांश काकूंचे. वर ३सीईबीची फाईल, बँकेला नव्या बिलांचं स्पष्टीकरण, परदेशी गुंतवणुकीचे फॉर्म. दुबईची घाई ओसरली. थोरल्याने अमेरिकेच्या गिऱ्हाइकाशी शुल्काचा भार वाटून घ्यायची बोलणी लावली आहेत, आणि ब्रिटनच्या गिऱ्हाइकासाठी मालाच्या उगमाचे कागद आतापासून नीट ठेवायला हिशेबनिसांना बसवलं आहे. बंद पडलेली पाळी अजून बंदच आहे.

राहिलं शिनोळी. दुबईचं उकरताना बहिणीने ते कागदही बघितले. १५ टक्के दराची अट होती की जुन्या धंद्याचे तुकडे करून नवी कंपनी काढायची नाही आणि वापरलेली यंत्रं एकूण किमतीच्या २० टक्क्यांवर नकोत. शिनोळीची अर्धी यंत्रं उद्यमबागेतून टेम्पोने गेलेली आहेत, आणि ती चालवणारी माणसं रोज बेळगावहूनच गाडीने जातात. वर्षाला ६० लाख नफा धरला तर दोन दरांतला फरक ४ लाख ८० हजार. २०२१-२२ च्या वर्षासाठी अद्ययावत (अपडेटेड) विवरणपत्र ३१ मार्च २०२६ च्या आत भरलं तर कर, व्याज आणि त्या बेरजेवर ६० टक्के, त्यानंतर ७०. धाकटा म्हणतो नोटीस आली तर बघू. बहीण म्हणते, आली की ही सोय बंद. आप्पांनी पहिल्या वर्षाचं चलन काढायला सांगितलं आहे, पुढच्या तीन वर्षांवर दोघा भावांचं अजून जमलेलं नाही.